तुळईच्या पोटातील शून्य

दोन भिंतींवर टेकवलेल्या तुळईवर भार आला की ती वाकते, हे सांगायला शास्त्राची गरज नाही. परंतु वाकलेल्या तुळईच्या आत काय घडते आणि ती किती भाराला मोडेल हे बांधकामापूर्वीच कागदावर कसे सांगता येईल, या प्रश्नाचे निर्दोष उत्तर हाती यायला गॅलिलिओ यांच्या १६३८ सालच्या ग्रंथापासून नाव्हिए यांच्या १८२६ सालच्या ग्रंथापर्यंत १८८ वर्षे जावी लागली. याच काळात न्यूटन यांनी गतीचे आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम मांडले, कलनशास्त्र जन्माला येऊन प्रौढ झाले, वाफेचे इंजिन कारखान्यांत फिरू लागले, आणि माणसाच्या डोक्यावर हजारो वर्षे असलेली तुळई मात्र गणिताला पुरती वश झाली नाही. या विलंबाचा दोष गणिताच्या अवघडपणाला देता येत नाही, कारण लागणारे गणित आज बारावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. घोडे अडले होते ते एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर : वाकलेल्या तुळईच्या उंचीत असा थर नेमका कुठे असतो, की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही?

हा थर डोळ्यांनी पाहता येतो. एखाद्या लांबट, जाड खोडरबराच्या उभ्या बाजूवर पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा काढून त्याची दोन्ही टोके हलकेच वर वळवली, तर वरच्या कडेला रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या कडेला त्या दूर जातात आणि उंचीच्या मध्यावर त्यांच्यातील अंतर होते तेवढेच राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रेघा स्वतः सरळच राहतात. त्या फक्त कलतात. म्हणजे मध्यापासून जितके वर जावे तितका दाब वाढत जातो, जितके खाली यावे तितका ताण वाढत जातो, आणि ही वाढ अंतराच्या सरळ प्रमाणात असते. ताण व दाब यांच्या सीमेवरील या थराला उदासीन थर म्हणतात, आणि तुळईचा आडवा छेद घेतला असता तो ज्या रेषेत दिसतो, तिला उदासीन अक्ष म्हणतात. वरच्या भागातील दाब आणि खालच्या भागातील ताण ही दोन विरुद्ध दिशांची बले एकमेकांपासून काही अंतरावर असल्यामुळे त्यांची जोडी छेदाला फिरवू पाहते. बल आणि अंतर यांच्या अशा गुणाकाराला परिबल म्हणतात. बाहेरचा भार तुळईला वाकवण्यासाठी जे नमन परिबल निर्माण करतो, त्याला आतल्या या जोडीचे परिबल तंतोतंत तोलून धरते, आणि ते तोलता येईनासे झाले की तुळई मोडते. उदासीन अक्षाची जागा चुकली, की आतल्या बलांमधील अंतर चुकते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

गॅलिलिओ यांची चूक नेमकी इथेच झाली. फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना त्यांनी पूर्ण केलेला दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, आणि त्यातील दुसऱ्या दिवसाच्या चर्चेचा विषय पदार्थांच्या मजबुतीचा आहे. त्यातले चित्र फार बोलके आहे : झाडोरा उगवलेल्या जुन्या दगडी भिंतीतून एक चौकोनी तुळई बाहेर आली आहे आणि तिच्या मोकळ्या टोकाला आकड्याने वजन टांगले आहे. अशी तुळई भिंतीपाशी मोडताना छेदाच्या खालच्या कडेभोवती फिरेल आणि त्या कडेच्या वरचा सारा छेद एकसारखा ताणला जाऊन तुटेल, असे गॅलिलिओ यांनी गृहीत धरले. त्यांच्या मांडणीत तुळईला दाब सोसावाच लागत नाही. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की तुळईची ताकद छेदाच्या रुंदीच्या आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. हा निष्कर्ष बिनचूक आहे. चुकले ते प्रत्यक्ष मूल्य : लाकूड सरळ ओढून तोडायला किती बल लागते हे ठाऊक असताना गॅलिलिओ यांच्या पद्धतीने तुळईची ताकद काढली, तर उत्तर योग्य उत्तराच्या तिप्पट येते.

तिप्पट चूक ही लहान चूक नव्हे. तरीही ती टिकली, कारण तिचा फटका कुणाला बसत नव्हता. त्या काळातले सुतार आणि स्थपती तुळईची निरपेक्ष ताकद सूत्रातून काढतच नव्हते. एक तुळई मोडून पाहायची आणि तिच्यावरून दुसरीचा अंदाज बांधायचा, ही रीत होती, आणि या रीतीला फक्त प्रमाणांची गरज असते. सर्व तुळया लाकडाच्या आणि चौकोनी छेदाच्या आहेत तोवर गॅलिलिओ यांचे प्रमाण चोख काम देते आणि त्यातला चुकीचा गुणांक प्रयोगाच्या आकड्यात मुरून जातो. अर्धे बरोबर उत्तर पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक काळ तग धरते, याचे इतके ठळक उदाहरण यंत्रशास्त्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

चुकीचा पहिला सुगावा फ्रान्समध्ये एदम मॅरिओत यांना लागला. व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी पुरवणाऱ्या नळांच्या मजबुतीचा विचार करताना त्यांनी लाकडाच्या व काचेच्या कांड्या ओढून आणि वाकवून मोडल्या, आणि वाकवताना त्या गॅलिलिओ यांच्या हिशेबापेक्षा बऱ्याच कमी भाराला मोडतात हे त्यांच्या ध्यानात आले. छेदातला ताण एकसारखा नसून कडेपासून वाढत जाणारा असतो, आणि खालच्या भागात प्रत्यक्षात दाब असतो, हेही त्यांनी ओळखले. पण गणित मांडताना एक चूक झाली आणि गॅलिलिओ यांचे तिप्पट उत्तर त्यांच्याकडे दुपटीवर येऊन थांबले. याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली स्थितिस्थापकतेचा नियम उघड केला : पदार्थावर जितके बल लावावे, तितक्या प्रमाणात तो ताणला जातो. वाकलेल्या वस्तूच्या फुगीर बाजूचे तंतू ताणले जातात आणि खोलगट बाजूचे दाबले जातात, हेही हूक यांनी नोंदवले होते. दोघांचे निष्कर्ष एकत्र आणणारे कुणी असते, तर प्रश्न तिथेच सुटला असता.

पुढची झेप बाझेलच्या बर्नुली घराण्याने घेतली. तुळई कधी मोडते हा प्रश्न बाजूला ठेवून याकोब बर्नुली यांनी १६९४ साली विचारले, की वाकलेल्या पट्टीचा आकार कोणता असतो. आणि कोणत्याही बिंदूपाशी पट्टीची वक्रता त्या बिंदूपाशी असलेल्या नमन परिबलाच्या प्रमाणात असते, हे आजही पायाभूत मानले जाणारे उत्तर त्यांनी दिले. पण उदासीन अक्ष त्यांनी खोलगट कडेवरच धरला, त्यामुळे वक्राचा आकार बरोबर आला तरी गुणांक पुन्हा चुकलाच. त्यांचा पुतण्या डॅनियल याने १७४२ साली लेओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहून सुचवले, की वाकलेल्या पट्टीत साठलेली ऊर्जा कमीत कमी असावी या अटीवरून हे वक्र काढता येतील. ऑयलर यांनी १७४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या पुरवणीत या वक्रांचे संपूर्ण वर्गीकरण केले आणि जाता जाता एक नवाच धोका दाखवून दिला : उभ्या सडपातळ खांबावरचा भार एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर खांब चिरडण्याआधीच बाजूला लचकून कोसळतो. छेदाच्या आत काय चालते, या प्रश्नात मात्र ऑयलर शिरले नाहीत. पट्टीचा ताठपणा त्यांनी एका अक्षराने दर्शवला आणि त्याचे मूल्य प्रयोगावर सोडले. गणितज्ञांना वक्र मिळाला, बांधणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही.

खरे उत्तर तोवर छापून झाले होते. पॅरिसच्या आंत्वान पारां यांनी १७१३ साली आपल्या निबंधसंग्रहात दाखवून दिले, की तुळईच्या छेदावरील एकूण ताण आणि एकूण दाब समान असलेच पाहिजेत, आणि त्यामुळे चौकोनी छेदात उदासीन अक्ष मध्यावर येतो. गॅलिलिओ यांच्या उत्तराला तिनाने भागण्याचे काम त्यांनी पूर्ण केले होते. पण त्यांच्या पुस्तकाकडे कुणी वळून पाहिले नाही आणि पुढची साठ वर्षे ते काम पडून राहिले. या इतिहासात सर्वांत मोठा अन्याय कुणावर झाला असेल, तर तो पारां यांच्यावर. त्यांच्याही आधी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वहीत वाकलेल्या पट्टीचे चित्र काढून बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधला भाग तसाच राहतो, असे लिहून ठेवले होते. ती वही माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नजरेआड झाली आणि १९६० च्या दशकात पुन्हा सापडली.

पारां यांनी सोडवलेला एक प्रश्न सुतारकामाच्या दृष्टीने आजही जिवंत आहे : गोल ओंडक्यातून सर्वांत मजबूत चौकोनी तुळई कशी कापावी? ओंडक्याच्या गोल तोंडावर व्यास आखून त्याचे तीन समान भाग करावेत, दोन्ही विभागबिंदूंपासून परस्परविरुद्ध बाजूंना लंब काढून ते परिघाला भिडवावेत, आणि हे दोन बिंदू व्यासाच्या दोन टोकांशी जोडावेत. तयार होणारा आयत हा उत्तराचा छेद. ओंडका ३०० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर तुळई सुमारे १७३ मिलिमीटर रुंद आणि २४५ मिलिमीटर उंच निघते. हे कोडे सुटायला उदासीन अक्षाची खरी जागा ठाऊक असावी लागत नाही, कारण रुंदी आणि उंचीचा वर्ग यांचा गुणाकार जास्तीत जास्त कधी होतो एवढेच त्यात विचारले आहे. पारां यांच्या योग्य सिद्धान्ताची उणीव कुणाला का भासली नाही, याचे उत्तर त्यांच्याच उदाहरणात दडलेले आहे.

१७७३ साली शार्ल ऑग्युस्तँ कुलोम यांनी फ्रेंच अकादमीपुढे एक निबंध वाचला. विद्युतभारांवरील नियमामुळे शाळकरी मुलांनाही परिचित असलेले कुलोम मुळात लष्करी अभियंता होते, आणि वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर किल्ला बांधत असताना पडलेल्या प्रश्नांतून हा निबंध तयार झाला होता. छेदावरील आडव्या बलांची बेरीज शून्य झाली पाहिजे, उभ्या बलाने भार तोलला पाहिजे आणि परिबलांचा समतोल साधला पाहिजे, अशा तीन अटी त्यांनी स्पष्ट मांडल्या. त्यांवर अखेरचा हात क्लोद लुई नाव्हिए यांनी फिरवला. पॅरिसच्या पूल व रस्ते विद्यालयात शिकवणाऱ्या नाव्हिए यांनी एका जुन्या ग्रंथाच्या १८१३ सालच्या संपादनात उदासीन अक्षाच्या जागेची हीच चूक केली होती. १८२६ साली आपली व्याख्याने छापताना त्यांनी ती सुधारली आणि दाखवून दिले, की छेदाचा आकार कोणताही असो, पदार्थ हूक यांचा नियम पाळत असेल तर उदासीन अक्ष छेदाच्या गुरुत्वमध्यातूनच जातो. त्यांनी प्रश्नाचा रोखही बदलला. तुळई कधी मोडते हे शोधण्यापेक्षा रोजच्या भाराखाली तिच्यातील प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळामागील अंतर्गत बल, सुरक्षित मर्यादेत राहते की नाही हे तपासावे, असे त्यांनी सांगितले. अभियंते आजही तेच करतात.

ही सुधारणा अगदी वेळेवर आली, कारण आता तुळया लाकडाच्या राहिल्या नव्हत्या. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, पण ताणापुढे फार दुबळे ठरते. तेव्हा अशा तुळईचा छेद वर-खाली सारखा ठेवणे म्हणजे वरचे लोखंड वाया घालवणे. ईटन हॉजकिन्सन यांनी मँचेस्टरमध्ये १८३० च्या सुमारास तुळयांमागून तुळया मोडून दाखवून दिले, की खालच्या पट्टीचे क्षेत्रफळ वरच्या पट्टीच्या जवळपास सहापट ठेवले तर तेवढ्याच लोखंडात सर्वाधिक ताकद मिळते. चौकोनी छेदापुरते खरे असलेले गॅलिलिओ यांचे प्रमाण इथे निरुपयोगी होते. उदासीन अक्ष कुठे आहे हे आता पैशांत आणि जिवांत मोजले जाणार होते. इंग्लंडमधील चेस्टरजवळ डी नदीवरच्या पुलाची ओतीव लोखंडाची ९८ फुटी तुळई २४ मे १८४७ रोजी आगगाडीखाली मोडली आणि पाच जण दगावले. आगीपासून संरक्षण व्हावे म्हणून पुलाच्या लाकडी तळावर खडीचा थर पसरण्याचे काम त्याच दिवशी झाले होते. या पुलाचे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन त्या वेळी वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर ४६० फुटी गाळ्यांचा ब्रिटानिया पूल उभारण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी घडीव लोखंडाच्या पत्र्यांचा, आतून गाडी जाईल एवढा पोकळ बोगदाच तुळई म्हणून योजला. विल्यम फेअरबेर्न यांनी मिलवॉल येथील कारखान्यात एक षष्ठांश आकाराचा नमुना करून तो भाराखाली मोडून पाहिला, आणि हॉजकिन्सन यांनी गणिताची बाजू सांभाळली. पातळ पत्र्याच्या अशा तुळईत खालची बाजू तुटण्याआधी वरचा दाबलेला पत्राच चुरगळतो, असे या प्रयोगांतून दिसले. म्हणून पुलाच्या माथ्यावर लहान लहान कप्प्यांची रांग करण्यात आली. ऑयलर यांनी खांबात पाहिलेला लचकण्याचा धोका शंभर वर्षांनी तुळईच्या माथ्यावर प्रकट झाला होता. १८५० साली पूल खुला झाला आणि पुढे एकशेवीस वर्षे त्यातून आगगाड्या धावल्या.

मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नाव्हिए यांच्या सिद्धान्ताने स्पष्ट केले. ५० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच फळी उभी ठेवली, तर ती आडव्या ठेवलेल्या त्याच फळीच्या तिप्पट भार पेलते, पण तितक्याच भाराखाली तिचा झोळ, म्हणजे ती जितकी खाली लवते ते अंतर, मात्र नवव्या हिश्श्यावर येतो, कारण ताकद उंचीच्या वर्गावर आणि ताठपणा घनावर अवलंबून असतो. गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधील अंतराचा, परिणाम याहून कठोर आहे : दर मीटरमागे भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर नमन परिबल चौपट होते आणि झोळ सोळापट. पदार्थाचा वाटा त्याच्या स्थितिस्थापकता गुणांकातून येतो. पोलादाचा हा गुणांक सागवानाच्या पंधरा ते वीस पट असतो, परंतु साध्या पोलादात आणि उच्च प्रतीच्या पोलादात तो जवळपास सारखाच असतो. त्यामुळे महागडे, अधिक ताकदीचे पोलाद वापरून तुळई मोडण्याची भीती कमी करता येते, झोळ कमी करता येत नाही. भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीटच्या बांधकामाचा एकूण झोळ गाळ्याच्या अडीचशेव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावा असे बंधन आहे. भिंतींना तडे जाणे आणि दारे-खिडक्या अडकणे ही लक्षणे तुळई मोडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात.

उदासीन अक्षावर ताण-दाब शून्य असला, तरी तिथे काहीच घडत नाही असे समजणे चूक आहे. सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करताना द्मित्री झुराव्हस्की यांना जाड तुळया तंतूंच्या दिशेने आडव्या फाटण्याचा धोका जाणवला. वाकताना वरचा थर खालच्या थरावरून सरकू पाहतो, या सरकण्याला रोखणाऱ्या बलाला कर्तन बल म्हणतात, आणि चौकोनी छेदात त्याची तीव्रता नेमकी उदासीन अक्षावर सर्वाधिक, सरासरीच्या दीडपट, असते. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फाटत असल्याने हा धोका लाकडात प्रथम लक्षात आला, हे साहजिकच होते. नळ किंवा वायरिंग नेण्यासाठी तुळईच्या मध्यउंचीवर भोक पाडायचे झाल्यास ते गाळ्याच्या मध्याजवळ त्यामानाने निर्धोक असते, पण कर्तन बल जास्त असलेल्या आधाराजवळ तेच भोक तुळईला महागात पडते.

सिमेंट काँक्रीटच्या तुळईत ही सगळी तत्त्वे एकत्र दिसतात. काँक्रीट दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच ताण सोसते. म्हणून दोन खांबांवरच्या बीममध्ये मुख्य सळया तळाशी असतात आणि कर्तन बलासाठी ठरावीक अंतराने रिंगा बांधतात, ज्या आधाराजवळ अधिक दाट असतात. भाराखाली तळाच्या काँक्रीटला बारीक तडे गेले की उदासीन अक्ष वर सरकतो आणि खालचा सारा ताण सळयांवर येतो. खिडकीवरच्या छज्ज्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो गॅलिलिओ यांच्या चित्रातल्या तुळईसारखा एकाच बाजूने धरलेला असल्यामुळे त्याची वरची बाजू ताणली जाते, आणि मुख्य सळया वरच असाव्या लागतात. १०० मिलिमीटर जाडीच्या छज्ज्यात सळई तळापासून ७५ मिलिमीटर उंचीवर असणे अपेक्षित असते. काँक्रीट ओतताना पाटी वाहणाऱ्यांच्या पायाखाली ती दबून ५० मिलिमीटरवर आली, तर ताकदीचा सुमारे एक तृतीयांश भाग तिथल्या तिथे जातो, आणि ती तळाला टेकली तर छज्जा उभा राहतो तो काँक्रीटच्या तुटपुंज्या ताणशक्तीच्या भरवशावर. सेंट्रिंग काढल्यावर वरून काही कळत नाही. म्हणूनच वरच्या सळयांखाली लोखंडी खुर्च्या बसवणे, काम चालू असताना सळयांवरून चालण्यासाठी वेगळी फळी टाकणे आणि ओतकामापूर्वी सळयांची उंची टेपने मोजून पाहणे, ही मिस्त्री आणि साइट इंजिनिअर यांनी कधीही न टाळण्याची कामे आहेत.